दाराखालचे दोन डाग

थोरलीला कोणी विचारलं असतं की बाई, तुझ्यात खोड कोणती, तर तिने सांगितलं असतं की माझ्या हातून डागाळलेला कागद बाहेर जात नाही. खोड सांगतानाही ऐट मारायची, हा तिचा स्वभाव. पण ऐट फुकाची नव्हती. एका अरुंद गल्लीच्या टोकाला तिची स्क्रीन छपाईची खोली होती. दुकानांच्या पिशव्या, औषधांच्या खोक्यांवरची नावं, शाळेच्या संघांचे बनियन असलं काहीबाही तिथे छापून निघायचं, आणि त्यातलं काहीही उचलून भिंगाखाली धरलं तरी बोट ठेवायला जागा नसायची.

खोलीत माणसं दोनच. एक ती स्वतः, आणि दुसरे छपाईच्या जाळ्या धुणारे एक म्हातारे गृहस्थ. दिवसभर ते पाण्याच्या फवाऱ्यासमोर उभे असायचे. त्यांचा सदरा वाळलेला कोणी कधी पाहिला नव्हता, म्हणून अख्खी गल्ली त्यांना पाणबुडेकाका म्हणायची. काका बोलायचे कमी आणि हलायचे त्याहून कमी, पण त्यांनी धुतलेल्या जाळीत जुन्या शाईचा कण सापडायचा नाही.

या खोलीला नाव मिळालं ते मात्र पिशव्यांमुळे नव्हे, जावईबुवांमुळे. जावईबुवा म्हणजे थोरलीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो चित्रकार होता. घरातली साधी वस्तू घ्यायची, तिचा फोटो काढायचा आणि साबणाच्या जाहिरातीसारख्या भडक रंगांत ती भल्यामोठ्या कागदावर छापायची, याला पॉप आर्ट म्हणतात हे थोरलीला त्यानेच शिकवलं. न्हाणीघरातला मग हिरवाजांभळा होऊन बड्या लोकांच्या दिवाणखान्यात जाऊन बसला. मग झाडू गेला, मग कपड्यांचे चिमटे गेले. थोरलीला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण प्रत्येक प्रतीच्या कोपऱ्यात तिच्या खोलीचा छोटा शिक्का उमटायचा, आणि तो पाहून तिला गुदगुल्या व्हायच्या. शिवाय माणूस कसा, तर तोंडात साखर. आवाज चढवलेला कोणी ऐकला नव्हता. थोरलीची आई जाईपर्यंत म्हणत होती की जावई शोधून सापडायचा नाही.

असा हा शोधून न सापडणारा जावई एका सकाळी फिल्मची गुंडाळी काखेत मारून आला.

"ताई, या वेळी कडी," तो म्हणाला.

टेबलाखाली दिवा असलेल्या काचेवर त्याने फिल्म पसरल्या. प्रत्येक रंगाची एक. गुलाबीची फिल्म म्हणजे दार, पिवळीची म्हणजे दाराच्या तळाला बसवलेली सरकती कडी, आणि काळ्याची म्हणजे मूळ फोटो, सगळा बारीक ठिपक्यांत मोडलेला. कॅमेरा जमिनीला टेकवून काढलेला फोटो होता. दाराचा खालचा भाग, जाडजूड कडी, आणि दाराखालून येणाऱ्या उजेडाची एक पांढरी पट्टी.

"कुठल्या दाराची हो?"

"मागच्या अडगळीच्या खोलीची."

"अडगळीला बाहेरून कडी कशाला?"

"मांजर शिरतं."

"तुम्ही मांजर कधी पाळलंत?"

"शेजारचं," तो हसून म्हणाला. थोरलीही हसली. एवढंसं खोटं कोण तपासत बसतं? मोठं असतं तर तिने चार प्रश्न विचारले असते.

"आणि आमची धाकटी? तोंड दाखवायचं नाही असं ठरवलंय का तिने?"

धाकटी पूर्वी दर आठवड्याला यायची. रंग निवडायला बसायची, काकांची टिंगल करायची, ओल्या कागदांच्या रांगेतून उगाच हिंडायची. बरेच दिवस झाले, ती फिरकली नव्हती. जावईबुवांनी मान हलवली. तिचं डोकं उठतं, उजेड सहन होत नाही, डॉक्टरांनी आवाजापासून, फोनवर बोलण्यापासूनही लांब राहायला सांगितलंय. मेसेज तेवढे करते.

ते खरंच होतं. मेसेज यायचे. थोरली रोज लिहायची आणि रोज उत्तर यायचं. बरी आहे गं. जेवले. तुझी आठवण येते. पूर्वी धाकटी एवढं गोड कधी लिहीत नव्हती, 'मर' आणि 'गप' याशिवाय तिचा मेसेज पुरा व्हायचा नाही, पण आजारपणात माणूस मऊ होतो असं थोरलीने स्वतःला समजावलं होतं. समजूत घालून घेण्यात माणसाचा हात कोणी धरू शकत नाही.

गुलाबी झाला, पिवळा झाला. काळ्याची जाळी तयार करून थोरलीने पातळ कागदावर चाचणीच्या प्रती काढल्या आणि सवयीने नाक कागदाला लागेल इतकं वाकून भिंग फिरवलं. कडी सुरेख उठली होती. पण खाली, त्या उजेडाच्या पांढऱ्या पट्टीत, ठिपक्यांचे दोन पुंजके दिसले. एक जरा मोठा, दुसरा त्याच्यावर चढलेला.

"काका, जाळी नीट धुतली होती ना?"

"धुतली होती," काका म्हणाले. त्यांना राग आला होता, पण राग यायलाही त्यांना वेळ लागायचा.

जाळीचा दोष नव्हता. डाग फिल्ममध्येच होते. फोटो काढताना कॅमेऱ्याच्या भिंगावर धूळ बसली असणार, थोरलीने ठरवलं. आता इथे दुसरं कोणी असतं तर त्याने चित्रकाराला विचारलं असतं. पण नको तिथे उघडी राहिलेली जाळीची भोकं बुजवायची हे या धंद्यात हात धुण्याइतकं साधं काम, त्यासाठी कोणी कोणाला विचारत नाही. तिने बारीक कुंचला घेतला, जाळी उजेडाकडे धरली आणि बुजवायचं औषध थेंबाथेंबाने लावत ते दोन्ही डाग मिटवले. इतकं सफाईने, की पट्टी कोऱ्या कागदासारखी स्वच्छ निघाली. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. संध्याकाळी तिने धाकटीला लिहिलं, "तुझ्या नवऱ्याच्या फिल्ममध्ये दाराखाली दोन घाणेरडे डाग होते. मी पुसले. सांग त्याला, बायकोची बहीण आहे म्हणून निभावलं."

उत्तर यायला या वेळी बराच उशीर लागला. मग आलं.

"छान केलंस ताई. घाणच ती."

दुसऱ्या दिवशी खोलीचं कुलूप उघडायच्या आधी जावईबुवा पायरीवर येऊन बसले होते. नवी प्रत हातात घेतल्यावर त्यांनी कडीकडे पाहिलं नाही, रंगांकडे पाहिलं नाही. थोरलीचं भिंग उचललं आणि सरळ खालच्या पट्टीवर टेकवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नेलं. मग त्यांचे खांदे सैल पडले.

"ताई, तुमच्या हाताला सोनं लावायला हवं."

"मेसेज पोचला वाटतं."

"हो, तिने सांगितलं," ते म्हणाले. "आधीच्या चाचणीच्या प्रती कुठे आहेत? द्या माझ्याकडे. अर्धवट कागद बाहेर फिरले तर चित्राचा मान राहत नाही."

न्हाणीघरातल्या मगाच्या किंवा झाडूच्या वेळी त्यांनी असलं काही मागितलं नव्हतं. थोरलीने सापडल्या तेवढ्या प्रती आणून दिल्या. त्यांनी त्या मोजल्या नाहीत, पण तिच्या हाताकडे बघत राहिले. मग घडी घालून, घडीवर पुन्हा घडी घालून, त्या पिशवीत कोंबल्या. एवढा मऊ माणूस कागद इतक्या जोरात दाबतो, हे तिने पाहिलं आणि सोडून दिलं.

सगळ्या प्रती छापून झाल्यावर सही करायचा दिवस ठरला. प्रत्येक प्रतीवर चित्रकाराने पेन्सिलीने सही करायची असते, आणि ती छापखान्यातच करायची असा थोरलीचा शिरस्ता होता. जावईबुवा दुपारी आले. शाई लागू नये म्हणून बाहेरच्यांनी कोट दाराजवळच्या खुंटीला लावायचा आणि अ‍ॅप्रन चढवायचा, हाही शिरस्ताच. त्यांनी कोट लावला, अ‍ॅप्रन बांधला आणि आतल्या टोकाच्या टेबलाशी, खिडकीकडे पाठ करून बसले. काका एकेक प्रत आणून समोर ठेवू लागले.

थोरली चहाचा कप घेऊन दारात उभी राहिली. तिथून खोली पार शेवटपर्यंत दिसायची. मांडणीवर वाळत टाकलेल्या कड्या, कड्याच कड्या, गुलाबी दारावरच्या पिवळ्या कड्या, सगळ्यांखाली स्वच्छ पांढरी पट्टी. तिला बरं वाटलं. मग तिची नजर खिडकीवर गेली.

खिडकीच्या काचेवर काकांनी एक कागद चिकटवला होता. दुपारचं ऊन जाळी धुताना त्यांच्या डोळ्यांवर यायचं, आणि ते हाताला लागेल तो रद्दी कागद काचेला लावायचे. या वेळी हाताला लागली होती चाचणीची एक प्रत. जावईबुवा बसल्यावर ऊन खिडकीवर आलं होतं, आणि ते मागून पडल्यामुळे पातळ कागद नुसता पेटल्यासारखा दिसत होता.

जन्मभर थोरलीने ठिपके चार बोटांवरून पाहिले होते. ठिपक्यांचं चित्र चार बोटांवरून दिसत नाही, ते लांबूनच दिसतं, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? पण जवळून बघायची तिला इतकी सवय, की लांब उभं राहून बघायचं तिला कधी सुचलंच नव्हतं. आता ती खोलीभर लांब उभी होती. आणि खिडकीतल्या कागदावर, बंद कडीच्या खाली, उजेडाच्या पट्टीत, दोन पावलं होती.

अनवाणी. बोटं दाराकडे. डाव्या पावलावर उजवं पाऊल ठेवलेलं.

असं एकच माणूस उभं राहतं. लहानपणी शाळेत उशीर झाला की, बाबा रागावले की, कोणाच्या दारात संकोच वाटला की धाकटी एका पावलावर दुसरं पाऊल ठेवून उभी राहायची, आणि आई ओरडायची, अगं पडशील.

थोरलीच्या हातातला कप कलंडला आणि चहा पायावर सांडला. तिला कळलंही नाही. बाहेरून लावलेली कडी. कडीच्या पलीकडे तिची बहीण. अलीकडे जमिनीवर बसून फोटो काढणारा नवरा. "छान केलंस ताई. घाणच ती." हे कोणी लिहिलं होतं? इतके दिवस रोज कोणी लिहिलं होतं, जेवले म्हणून, तुझी आठवण येते म्हणून? तिने दाराची चौकट घट्ट धरली. तो माणूस तिथेच बसला होता, त्या खिडकीकडे पाठ करून, सुंदर अक्षरात सही करत. नुसती मान वळवली असती तर त्यालाही दिसलं असतं.

तिला ओरडावंसं वाटलं. त्याच्या डोक्यात जाळीची चौकट घालावीशी वाटली. पण धाकटी त्याच्या घरात होती आणि किल्ली त्याच्या कोटात. थोरली खुंटीपाशी गेली, स्वतःची पिशवी काढायच्या मिषाने कोटाच्या खिशात हात घातला आणि जुडगा मुठीत दाबला.

"काका, मी शाई आणायला जाते."

"काळी भरपूर आहे," काका म्हणाले. एरवी सकाळच्या प्रश्नाला दुपारी उत्तर देणारा हा माणूस नेमका आजच तत्पर.

"पिवळी."

काकांनी पिवळ्या शाईच्या भरलेल्या डब्याकडे पाहिलं. मग थोरलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "हां," ते म्हणाले, "पिवळी नाहीच."

"जावईबुवांना एकेक प्रत द्या. ओल्या आहेत अजून. घाई करू नका."

"मी कशाला घाई करतोय," काका म्हणाले.

जावईबुवांनी मान वर केली नाही. "ताई, लवकर या हं," ते सहीवर पेन्सिल फिरवत म्हणाले. "तुम्ही नसलात की मला करमत नाही."

गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी मिळाली. घर गावाच्या कडेला, नव्या वस्तीत. आजूबाजूच्या निम्म्या घरांना अजून खिडक्या बसायच्या होत्या. थोरलीने टॅक्सी थांबवून ठेवली आणि किल्ल्या लावून पाहू लागली. बरोबर किल्लीही पहिल्यांदा लागली नाही.

आत सगळं नीटनेटकं होतं. भिंतीवर मग, झाडू, चिमटे. तिचेच कागद, तिचेच शिक्के. स्वयंपाकघराच्या ओट्यावर धुतलेलं एक ताट आणि एक प्लास्टिकची थाळी, लहान मुलांना देतात तशी, न फुटणारी. मागच्या बाजूला निमुळती वाट होती आणि वाटेच्या शेवटी दार. खरं दार गुलाबी नव्हतं, मळकट पांढरं होतं, आणि कडी पोलादी होती. चित्रात होती त्याहून मोठी वाटली.

दाराखाली उजेडाची पट्टी होती. पट्टीत पावलं नव्हती.

"धाकटे," तिने हाक मारली. "अगं, मी आहे."

तिने दाराला कान लावला. थोरलीच्या मनात नको ते सगळं येऊन गेलं. मग काहीतरी घासल्याचा आवाज झाला, आणि दाराखाली हळूहळू दोन सावल्या येऊन उभ्या राहिल्या.

तिने कडी ओढली.

धाकटी अर्धी झाली होती. केस कसेही कापलेले, खिडकीला फळ्या ठोकलेल्या, डोक्यावर एकच दिवा. ती बहिणीच्या गळ्यात पडली नाही. आधी तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"तो?"

"छापखान्यात. सह्या करतोय."

"त्याला सोडून जाते म्हणाले मी," धाकटी एवढंच म्हणाली. सगळं सांगायला वेळ नव्हता, आणि सगळं त्या एका वाक्यात होतंही. मग तिने थोरलीचा दंड पकडला. नखं रुतली. "किती उशीर केलास गं. मला वाटलं, चित्र हातात पडलं की त्याच दिवशी येशील. तो बाहेर कॅमेरा घेऊन बसला तेव्हा मी मुद्दाम दाराशी येऊन उभी राहिले. हलले नाही. म्हटलं, हे ताईकडे जाणार. ताई एक ठिपका सोडत नाही."

थोरलीला खोटं बोलता आलं असतं. दिसले गं, म्हणूनच आले, असं म्हटलं असतं तर ते निम्मं खरंही होतं.

"नाही सोडला," ती म्हणाली. "डाग समजून बुजवले मी ते. सगळ्या प्रतींवरून. आणि त्यालाच लिहून कळवलं."

धाकटीच्या तोंडावर राग येऊन गेला, मग रडू येऊन गेलं, आणि दोन्ही गेल्यावर नुसता थकवा उरला. "मर," ती म्हणाली. किती दिवसांनी तिचा खरा शब्द ऐकला म्हणून थोरलीला हुंदका फुटला.

बाहेर पडताना थोरलीने दार ओढून घेतलं आणि कडी होती तशी लावली. तो पोलिसांच्या आधी परत आलाच, तर निदान दाराशी येईपर्यंत त्याला ती आत आहे असं वाटेल. धाकटीच्या चपला कुठेच नव्हत्या. थोरलीने आपल्या काढून तिला घातल्या आणि दोघी टॅक्सीत बसल्या. "पोलीस ठाण्यात घ्या," थोरलीने सांगितलं.

धाकटीला दिवसाचा उजेड खरंच सहन होत नव्हता. तिने पदरासारखा हात डोळ्यांवर धरला होता. थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मनाशी रस्ता मोजत होती, अजून पूल, अजून चौक. तेवढ्यात पिशवीत फोन वाजला.

तिने काढून पाहिला. पुन्हा पाहिला.

"कोणाचा मेसेज?" धाकटीने विचारलं.

"तुझा."

धाकटीने डोळ्यांवरचा हात काढला.

"काय म्हणते मी?"

थोरलीने वाचून दाखवलं. "ताई, शाई मिळाली का?"

धाकटीने मागच्या काचेतून एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि पुढे वाकून चालकाच्या खांद्याला हात लावला.

"दादा," ती म्हणाली, "जरा जोरात घ्या."